डोकं, छत आणि चार बोल्ट

"मालक, डोकं छताला लागायलंय ना? मग रेलच काढून टाकू. दोन अँगल ठोकतो, सीट डायरेक फ्लोअरला बसवतो. तासाभराचं काम."

वाळूज एमआयडीसीजवळच्या एका गॅरेजात हा सल्ला ऐकला तेव्हा माझा जालन्याचा मित्र खुशीत मान हलवत होता. मित्र सहा फूट दोन इंच. गाडी म्हणजे पुण्याहून आणलेली जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. या भागाला गाड्यांची हौस जुनीच आहे. २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादकरांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. पण स्पोर्ट्स कार बांधणाऱ्यांनी उंच माणसाचा फारसा विचार केलेला नसतो. मित्राचं डोकं प्रत्येक गतिरोधकावर छताला सलाम करायचं.

मी मिस्त्रीला थांबवलं. अडवायचं म्हणून नाही. आधी हिशोब करून बघू म्हणून.

सीटखालची रेल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या जाड पत्र्याच्या दोन पन्हळी. खालची गाडीच्या तळाला चार बोल्टांनी जखडलेली, वरची सीटला. मधे दात आणि खटका. तो खटका दाबला की सीट पुढेमागे सरकते. ही रेल सीटच्या बुडाखाली असते, म्हणून तिची आणि तिच्या पायांची उंची वाया जाते. बाजारात मिळणाऱ्या 'लोअर्ड' रेलची युक्ती साधी आहे. रेल बुडाखालून काढून दोन्ही अंगांना न्यायची आणि सीट मधे पाळण्यासारखी लटकवायची. १९८९मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ ही जपानी रोडस्टर, म्हणजे छत उघडणारी दोन सीटांची गाडी, उंच चालकांना अशी काही अडचणीत पकडते, की तिच्यासाठी अशा रेल बनवणारे कितीतरी कारागीर जगभर तयार झाले. या युक्तीने साधारण दोन ते पाच सेंटिमीटर मिळतात. आपण चार धरू.

आता मित्राचा आवडता मुद्दा: "सीट खाली गेली की गाडीचा गुरुत्वमध्य खाली जातो, वळणावर गाडी चिकटून चालते."

बरोबर आहे, पण किती? गाडी १४०० किलोची, मित्र ८० किलोचा. ऐंशी किलो वजन ४० मिलिमीटर खाली आणलं, तर एकूण १४८० किलोंचा गुरुत्वमध्य ८० गुणिले ४० भागिले १४८०, म्हणजे दोन मिलिमीटरहून जरासा जास्त उतरतो. अशा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८ सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर हा फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. गंमत म्हणजे नव्या टायरवर आठ मिलिमीटर नक्षी असते. ती झिजून तीनवर आली की अख्खी गाडी पाच मिलिमीटर खाली आलेली असते. म्हणजे मित्राच्या जुन्या टायरांनी त्याला रेलपेक्षा दुपटीहून जास्त 'लोअरिंग' फुकटात दिलं होतं, आणि त्याबद्दल त्याने त्यांचे कधी आभार मानले नव्हते.

तरी खाली बसल्यावर गाडी पळते असं वाटतं, आणि तो निव्वळ भ्रम नाही. वेगाचा अंदाज आपण काट्याकडे बघून कमी आणि डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या रस्त्यावरून जास्त घेतो. जमिनीची खडी, पांढरे पट्टे, कडेचं गवत डोळ्यांच्या खालून किती झपाट्याने मागे जातं, ते ठरतं वेग भागिले डोळ्यांची उंची या प्रमाणात. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या एसयूव्हीवाल्याला हे सेकंदाला साडेअठरा 'डोळा-उंच्या' दिसतात. स्पोर्ट्स कारमध्ये १.१ मीटरवर डोळे असलेल्याला पंचवीस. समृद्धी महामार्गावर उंच गाडीतल्या माणसाला १२० म्हणजे काहीच नाही असं का वाटतं, त्याचं एक कारण इथे आहे. मित्राच्या चार सेंटिमीटरने मात्र ही भर जेमतेम चार टक्क्यांची होते.

मग खरा फायदा उरतो एकच, डोक्याला जागा. त्यातलीही काही जागा फुकट मिळते. पाठीचा कल २० अंशांवरून २५ अंशांवर नेला, तर कमरेपासून मानेपर्यंतचं सुमारे ६५ सेंटिमीटरचं अंतर उभ्या मापात दोन सेंटिमीटरने कमी होतं. कोसाइनचा तक्ता शाळेत पाठ केला त्याचा हा पहिला उपयोग. पण फार रेलून बसलं की टक्कर झाल्यावर माणूस मांडीवरच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो, पट्टा ओटीपोटात घुसतो. शिवाय हात स्टिअरिंगला पुरत नाहीत. आरामखुर्ची ही ओसरीवर ठीक.

आता त्या दोन अँगलकडे.

समजा गाडी ताशी ५६ किलोमीटरने एखाद्या भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग चेपत चेपत ६० सेंटिमीटरमध्ये थांबली. सेकंदाला १५.६ मीटरचा वेग सुमारे ०.०८ सेकंदात शून्य होतो. हिशोब केला तर सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट येतं. म्हणजे तेवढ्या वेळापुरता मित्र ८० किलोचा राहत नाही, सोळाशे किलोचा होतो, आणि ही सरासरी झाली, शिखर त्याहून उंच असतं. संयुक्त राष्ट्रांचा वाहनविषयक १७ क्रमांकाचा नियम म्हणूनच सीट आणि तिच्या पकडीला ३० मिलिसेकंद वीसपट मंदन सोसायला लावतो.

हे दीड टनाचं ओझं पेलतो सीटबेल्ट, आणि सीटबेल्टचं बकल कित्येक गाड्यांमध्ये गाडीच्या तळाला नसतं, सीटच्या चौकटीला असतं. छातीवरचा पट्टा आणि मांडीवरचा पट्टा दोन्ही बकलपाशी भेटतात, म्हणून दोघांचा ताण त्या एका खुंटीवर येतो. तिथून तो रेलमध्ये, रेलमधून बोल्टांत, बोल्टांतून पत्र्यात. तिवईवर बसलेला माणूस एकदम पुढे झुकला की मागचे पाय उचलले जातात ना, तसंच इथे होतं: पुढच्या बोल्टांभोवती सीट पुढे कलंडू बघते आणि मागचे बोल्ट उपटले जातात. त्यातही बकलकडचा, म्हणजे गाडीच्या मध्याकडचा मागचा बोल्ट सगळ्यात जास्त सोसतो. गॅरेजमध्ये मात्र हाच बोल्ट हात पोचत नाही म्हणून सगळ्यात ढिला राहतो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा शंभराने गुणला की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटनवर तो तुटेल ते कळतं. बिंदूनंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर तो कायमचा लांबायला लागेल. १०.९ म्हणजे हजारावर तुटणार आणि नऊशेला ताणणार. दहा मिलिमीटरच्या बोल्टचं आट्यांतलं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर, म्हणजे तो जवळजवळ सहा टनांना तुटतो. आता मिस्त्रीचा अँगल. जालन्याच्या गिरण्यांतून निघणाऱ्या एफई ५०० सळया पाचशे न्यूटनला ताणू लागतात आणि त्यावर आख्खे मजले उभे राहतात. साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा, अँगल अडीचशेलाच. हा काही पोलादाचा दोष नाही. अँगल शेडच्या कैचीसाठी उत्तमच आहे, फक्त कैचीला कुणी ०.०८ सेकंदात थांबवत नाही.

जाडीचाही एक हिशोब आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. पट्टी वाकवताना तिची ताठरता जाडीच्या घनाने वाढते. तीन मिलिमीटरऐवजी पाचची पट्टी घेतली की ताठरता १.६७ पट नाही, साडेचारपटीहून जास्त होते. शर्यतींचे नियम करणारी एफआयए ही संघटना सीट धरणाऱ्या पट्ट्या पोलादाच्या असतील तर किमान तीन मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूच्या असतील तर किमान पाच मिलिमीटर जाड मागते. प्रत्येक सीटला किमान चार ठिकाणी पकड, आठ मिलिमीटरहून बारीक बोल्ट नाही, आणि तळाच्या पत्र्याखाली दर बोल्टामागे ४० चौरस सेंटिमीटरची आधारपट्टी. गाडीचा तळ म्हणजे मिलिमीटरभराचा पत्रा. आधारपट्टी नसली तर बोल्ट शाबूत राहतो आणि वायसरसकट पत्र्यातून आरपार निघतो, भाकरीतून बोट जावं तसा.

वेल्डिंगचं काय? मिस्त्रीने तेही सुचवलं होतं. कंपनीच्या रेल बहुधा उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. ती ताकद तापवून-थंडवून आणलेली असते, आणि वेल्डिंगच्या धगीने जोडाशेजारची पट्टी पुन्हा मऊ पडते. डोळ्यांना काही दिसत नाही. रंग मारला की झकास.

बोल्ट आवळण्याचंही शास्त्र आहे. कोरड्या आट्यांचा दहा मिलिमीटरचा बोल्ट ४५ न्यूटन-मीटरने आवळला, तर तो साधारण सव्वादोन टनांनी दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून धरतो. जोड टिकतो तो या दाबाने, आणि त्यातून येणाऱ्या घर्षणाने. आट्यांना ऑइल लावून तेवढंच आवळलं तर दाब कितीतरी वाढतो आणि बोल्ट आतल्या आत ताणला जातो. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा, आणि टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. "हाताला अंदाज आहे की मालक" हे म्हणणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे, पण सीटसाठी नको.

वायरिंगबद्दल थोडक्यात. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅग किंवा बेल्ट आवळणाऱ्या बारुदी यंत्रणेचा असतो. आधी बॅटरी सोडवायची, मॅन्युअल सांगेल तितकी मिनिटं थांबायचं, मगच हात लावायचा. मीटर लावून तपासायचं नाही, कारण मीटरचा करंटसुद्धा ती उडवू शकतो. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा इशारा-दिवा विझावा म्हणून त्या कनेक्टरला रेझिस्टर जोडणारे महाभाग असतात. त्यांच्या गाडीत दिवा विझतो, एअरबॅगही.

सीट खाली घ्यायचा दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे फोम कापणं. मराठवाड्यात तो करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. लाटांमधलं अंतर चार मीटर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर धरला, तर सेकंदाला पाच हेलकावे बसतात. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या चार ते आठ हर्ट्झच्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. नेमकं तेच. फोम हा त्या वेळी मणक्याचा शेवटचा पाठीराखा असतो.

कायद्याचंही बघावं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाहनातल्या फेरफारांबद्दल आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं आहे. विम्याच्या दाव्याच्या वेळीही हे आठवतं, आपल्याला नाही, त्यांना.

शेवटी मित्राने अँगल नाकारला. मूळ भोकांत न कापता बसणारी, दोन्ही बाजूंना खटका असलेली रेल मागवली. एकाच बाजूला खटका असलेली मिळते स्वस्त, पण धक्क्यात तिची मोकळी बाजू पुढे पळते आणि सीट तिरकी होते. बसवल्यावर आम्ही सीट गदागदा हलवून पाहिली, पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासले. एकाने थोडी ढील दिली होती. कुठल्या बोल्टाने, ते सांगायला नको.

डोकं आता छताला लागत नाही. पण त्याच्या डोळ्यांची उंची ११० सेंटिमीटरवरून १०६ झाली, आणि दीड-पावणेदोन मीटर पुढे असलेल्या ७५ सेंटिमीटर उंचीच्या बॉनेटच्या कडेवरून बघताना रस्त्याचा आणखी सुमारे दीड फूट तुकडा झाकला गेला. त्यामुळे कॉलनीतला रंग न दिलेला गतिरोधक आला की साहेब मान ताणून, सीटवरून अर्धवट उठून बघतात. आणि टण्‌कन डोकं छताला लागतं.