लॉबिंगचा सगळा खर्च आधीच जाहीर असतो का?

लॉबिंग म्हणजे कायदे आणि सरकारी धोरणांवर प्रभाव टाकण्याचे प्रयत्न. त्यावरच्या खर्चाबाबत अमेरिकी कंपन्यांबद्दल एक समज फिरत असतो: ‘लॉबिंगचा पै न् पै हिशेब कायद्याने उघड होतो, मग भागधारक वेगळा अहवाल कशाला मागतात?’

समजाला आधार आहे. 1995 च्या कायद्यानुसार दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पण त्यात एकच एकत्रित रक्कम असते, तीही जवळच्या 10,000 डॉलरपर्यंत पूर्णांकित केलेली. कोणत्या मुद्द्यावर किती खर्च झाला, राज्यांच्या विधिमंडळांत किती आणि व्यापारी संघटनांमार्फत किती, ही फोड नसते. खरी अडचण संघटनांची आहे. संघटना स्वतःच्या नावाने अहवाल भरते. कोणत्या सभासदाने किती वर्गणी दिली हे त्यात कळत नाही. कंपनीला मात्र आकडा सहसा माहीत असतो, कारण लॉबिंगवर गेलेल्या वर्गणीच्या हिश्श्याला करवजावट मिळत नाही आणि तो हिस्सा संघटना सभासदांना कळवते. म्हणून भागधारकांनी अहवाल मागितल्यावर कंपनीने दिलेलं ‘माहिती गोळा करणं अवघड’ हे उत्तर आम्हाला पटत नाही.

पडताळायचं असेल तर अमेरिकी संसदेच्या सार्वजनिक नोंदींत कंपनीचं नाव शोधा, चारही तिमाह्यांची बेरीज करा. मग कंपनीच्या संकेतस्थळावर संघटनांची यादी आणि वर्गणीचे आकडे आहेत का ते बघा. असा अहवाल मागणारा भागधारकांचा ठराव व त्यावरचं संचालक मंडळाचं उत्तर वार्षिक सभेच्या प्रॉक्सी निवेदनात (सभेतल्या मतदानाआधी भागधारकांना दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रात) मिळतं. असा ठराव बहुधा शिफारसवजा असतो. बहुमत मिळालं तरी बंधनकारक नसतो.