प्राण्याची किंवा वनस्पतीची परकी जात काय वाट लावेल हे आधी सांगता येतं का? या प्रश्नाची पार्श्वभूमी

बाहेरून आलेलं एखादं गवत किंवा मासा सगळीकडे माजला की हमखास ऐकू येतं, "असं होईल हे कोणाला माहीत होतं?" खरं तर बऱ्याचदा कोणीतरी आधी बोंब मारलेली असते. फक्त काहीतरी वाईट होणार एवढं बरोबर आणि कसं, कधी होणार ते चुकलेलं, असा या भाकितांचा एकंदर इतिहास आहे.

ऑस्ट्रेलियातला केन टोड घ्या. उसावरचे भुंगेरे खायला म्हणून १९३५ मध्ये हे मोठाले भेक हवाईहून क्वीन्सलंडमध्ये आणले. वॉल्टर फ्रोगॅट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तेव्हाच सांगितलं की सशांनी केला तसाच ताप हा प्राणी देणार. त्यावर काही महिने सोडायला बंदीही आली, पण १९३६ मध्ये ती उठवली. फ्रोगॅटची मुख्य भीती हा दिसेल ते खाईल अशी होती, प्रत्यक्षात मोठा फटका बसला तो त्याला खाणाऱ्यांना, कारण त्याच्या अंगात विष. तिथल्या घोरपडी आणि क्वोल नावाचे छोटे शिकारी प्राणी त्याला खाऊन मेले.

१९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टनचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि तिथून या अभ्यासाला शिस्त लागली असं मानतात. पण त्याचा बराच भर बाहेरची जात कुठे सहज घुसते यावर होता, म्हणजे बेटं, शेतं, जिथे मुळात जातीच कमी. घुसल्यावर नेमकं काय करेल हा प्रश्न तसाच राहिला.

आणि त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात त्याची मोठी परीक्षा चालू झाली होती. तिथे नाईल पर्च सोडावा की नाही यावर वाद चाललेला. हा मासा म्हणजे आपल्या अलिबागकडच्या जिताड्याचा अगदी जवळचा भाऊबंद, दोघांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) एकच, लेटिस, फक्त हा वाढून दोनशे किलोपर्यंत जाऊ शकतो. सरोवरात छोटे रंगीत सिक्लिड मासे शेकडो जातींचे, ते "कामाचे नाहीत" म्हणून त्यांना खाऊन मोठा होणारा मासा हवा, असं काही अधिकाऱ्यांचं म्हणणं. जॉफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये लेख लिहून विरोध केला, पण मासा १९५४ पासूनच गुपचूप सोडला गेला होता, लेख नंतरचा! पुढे वीसेक वर्षं फारसं काही झालंच नाही, म्हणजे तोपर्यंत कोणी विचारलं असतं तर फ्रायर उगाच घाबरवत होता असंच वाटलं असतं. ऐंशीच्या दशकात पर्च एकदम फोफावला आणि सिक्लिडच्या अंदाजे दोनशे जाती दिसेनाशा झाल्या (सांडपाणी, शेवाळ, जाळी यांचाही त्यात हात आहे, सगळं पर्चच्या माथी मारणं मला पटत नाही). दुसरीकडे मासळी भरमसाट वाढली, युरोपला निर्यात सुरू झाली. आणि एक गोष्ट भल्याभल्यांच्या डोक्यात आली नसती: छोटे मासे उन्हात वाळायचे, हा तेलकट, म्हणून धुरावर धरावा लागतो, त्यामुळे किनाऱ्यावरची झाडं सरपणासाठी तुटू लागली.

नव्वदच्या दशकात गणिती प्रयत्न वाढले. १९९६ चा "दहाचा नियम" म्हणतो की देशात आलेल्या परक्या जातींपैकी साधारण दहा टक्के मोकळ्या सुटतात, त्यातल्या दहा टक्के रुजतात, त्यातल्या दहा टक्के उपद्रवी होतात. वनस्पतींना ठीक, पण मासे, पक्षी, सस्तन प्राण्यांना तो लागूच पडत नाही, त्यांचं प्रमाण खूप जास्त निघालं. १९९९ चं, एकूण फटका मोजायचं सूत्र जास्त कामाचं: किती पसरली, किती दाट झाली आणि एकेक जीव किती नुकसान करतो, यांचा गुणाकार. यातला तिसरा आकडा काढता काढता नाकी नऊ येतात. ऑस्ट्रेलियाने सरळ ४९ प्रश्नांची यादी केली, वनस्पती देशात घ्यायची की नाही ते ठरवायला, आणि त्यात सगळ्यात उपयोगी ठरला तो साधा प्रश्न, ही दुसरीकडे कुठे तण झाली आहे का? मला तर आजही याच्याइतकं भरवशाचं काही दिसत नाही.

पण हा प्रश्न तरी प्रत्येक वेळी कुठे पुरतो. गाजर गवत पुण्यात १९५५ मध्ये दिसलं (पीएल ४८० या अमेरिकेच्या धान्यमदत योजनेच्या गव्हातून आलं म्हणतात, पण भारताशी तो करार ऑगस्ट १९५६ चा, मदतीचा अमेरिकन गहू मात्र १९५१ पासून येत होता). त्याच्यावर उपाय म्हणून मेक्सिकन भुंगेरे मागवले, चाचण्या केल्या आणि १९८४ मध्ये बंगळुरूला सोडले. पुढे नव्वदच्या सुमारास ते कर्नाटकात सूर्यफुलाची पानं खाताना सापडले, गदारोळ झाला. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले, त्यामुळे शेतकऱ्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. मग १९९३ मध्ये उलगडा छापून आला: शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर उडून पडतात आणि त्या वासा-चवीवर भुंगेरे पान कुरतडतात. कोणतं पीक खातो हे तपासताना पिंजऱ्यात स्वच्छ पान ठेवलं तर हे कळणार कसं? भुंगेरे आज महाराष्ट्रातही पावसाळ्यात गाजर गवतावर दिसतात, थंडी पडली की जमिनीत जाऊन झोपतात, गवत मात्र पाणी मिळेल तिथे बारमाही उगवतं.