रापणीचा दोर आणि मुका रिले

2012 च्या 30 जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारत अंधारात गेला, आणि गंमत अशी की ज्या लाईनपासून सुरुवात झाली तिच्यात काही बिघाडच नव्हता. आमच्याकडे गुहागरात लाईट गेली की कारण सरळ असतं, माडाची झावळ वायरीवर पडलेली, नाहीतर खाऱ्या हवेने इन्सुलेटर गेलेला, वायरमन भर पावसात येतो, शिव्या घालत फांदी तोडतो, झालं. पण बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची लाईन धडधाकट असताना ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली.

लाईनच्या टोकाला रिले असतो, म्हणजे लाईनवर नजर ठेवून गडबड दिसली की ती तोडायला लावणारं यंत्र. तो व्होल्टेजला करंटने भागतो आणि उत्तर फार लहान आलं की समजतो, पुढे कुठेतरी शॉर्टसर्किट झालंय. त्या रात्री पश्चिमेकडून, म्हणजे आपल्याच बाजूने, उत्तरेकडे इतकी वीज चालली होती की करंट वाढला, व्होल्टेज उतरलं, भागाकार लहान आला आणि रिलेने लाईन कापली. बिचाऱ्याने त्याच्यापुरतं बरोबरच केलं! पण एक वाट बंद झाली म्हणून वीज थांबत नाही, ती पूर्वेकडून वळसा घालून निघाली, तिकडच्या लाईनींवर भार आला, तिथल्या रिलेंनीही आपापला भागाकार केला आणि त्याही लाईनी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच, आणि या वेळी उत्तर, पूर्व, ईशान्य असे तिन्ही ग्रीड, म्हणजे त्या त्या भागातल्या वीजघरांचं आणि लाईनींचं जाळं, झोपले, 60 कोटींच्या वर लोकांना फटका. पश्चिमेचा आणि दक्षिणेचा ग्रीड तेवढा वाचला.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना बघितलीय का कधी? दोन्ही दोरांना माणसं लागलेली, जाळं जड झालेलं. एकाचा पाय वाळूत घसरून दोर सुटला की त्याचा भार शेजारच्याच्या हातावर, त्याचे हात सोलतात, मग तोही सोडतो, मग तिसरा. ग्रीडचं नेमकं हेच होतं. रापणकर मात्र तसं होऊ देत नाहीत, कारण ते सारखे एकमेकांवर ओरडत असतात, आणि फारच जड झालं तर सगळे मिळून हातभर दोर सैल सोडतात. रिलेला ओरडता येत नाही, त्याला फक्त आपला हात सांभाळायचं माहीत.

मग एकाच मोठ्या कंट्रोल रूममधून सगळं का नाही चालवायचं? कारण पडझड सुरू झाली की शेवटचा टप्पा सेकंदांत उरकतो, माणूस स्क्रीनकडे बघेपर्यंत संपलेलं असतं. आणि ती रूमच आंधळी झाली तर? 2003 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या एका कंट्रोल रूमचं अलार्मचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, ऑपरेटरला पत्ताच नाही, तिकडे लाईनी झाडांना टेकून ट्रिप होतायत. अमेरिका-कॅनडात मिळून 5 कोटी लोक अंधारात.

म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठात सरोश तालुकदार आणि पॉल हाइन्स यांनी वेगळी कल्पना मांडली. प्रत्येक सबस्टेशनला एक छोटा कंट्रोलर. त्याला आपल्या आसपासचा ग्रीड बारकाईने माहीत, लांबचा ढोबळ. एखादी लाईन तापायला लागली की तो हिशेब करतो, मी किती लोड कमी करू, कुठलं जनित्र किती खाली घेऊ, आणि मग तो हिशेब शेजाऱ्यांशी ताडून बघतो. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेजाऱ्याचं नुकसान तो आपल्याच खात्यात धरतो. त्यामुळे आधीच थोडं थोडं सोडलं जातं, एकदम सगळं नाही. कॉम्प्युटरवरच्या नकली ग्रीडमध्ये अशा कंट्रोलरांनी ब्लॅकआऊट बरेच लहान केले.

आपल्याकडे सामान थोडंफार आहेच. सेकंदाला 25 वेळा मोजमाप घेणारी, जीपीएसच्या घड्याळाला बांधलेली यंत्रं बसलीयत. वीज कमी पडली की ग्रीडची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून उतरते, ती 49.4 च्या खाली गेली की काही फीडर, म्हणजे गावा-वस्तीला वीज पोचवणाऱ्या लाईनी, आपोआप कापणारे रिलेही आहेत, पण तेही मुकेच, ठरलेला आकडा आला की कापायचं. समजा ते बोलायला लागले, तर पोफळीचं, कोयनेच्या पाण्यावरचं वीजघर म्हणेल थांबा, माझ्याकडे पाणी आहे, दोन-चार मिनिटांत मशीन वर घेतो, तोवर तुम्ही थोडंच कापा.

फक्त एक भानगड राहते. दिल्लीकडची लाईन वाचवायला आमचा फीडर दहा मिनिटं बंद करायचा की लोट्याच्या एमआयडीसीतला, हे कंट्रोलर ठरवत नाही, त्याच्यात आधी आकडे भरणारा माणूस ठरवतो. आणि ते आकडे भरताना गुहागरच्या बाजूने खोलीत कोण बसलेलं असेल, हे मला विचारू नका.