आजारपणाचा खर्च आणि राज्याची हद्द: आरोग्य-अर्थशास्त्रातील संख्याशास्त्रीय पद्धतींची पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या अथणी-कागवाडचा रुग्ण महाराष्ट्रातल्या मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूर गाठतो आणि महाराष्ट्रातल्या चंदगडचा बेळगावला येतो. मिरजेच्या मिशन रुग्णालयाची सुरुवात १८९४ची, तर आजची राज्यहद्द १९५६च्या पुनर्रचनेनंतरची. त्यामुळे उपचारांच्या वाटा हद्दीपेक्षा जुन्या आहेत. या भागात एखाद्या आरोग्य योजनेने कुटुंबांचा खर्च खरोखर कमी केला का, हे ठरवणे म्हणूनच अवघड आहे. त्यासाठी ज्या पद्धती वापरल्या जातात, त्या कशा घडत गेल्या हे सीमाभागातील वाचकाने समजून घेण्याजोगे आहे.

भारतात या मोजणीचा पाया नमुना पाहणीने घातला. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी यादृच्छिक नमुन्याची, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा नमुना निवडण्याची, पद्धत पिकांच्या अंदाजासाठी रुजवली आणि पुढे पोषणाच्या प्रश्नाकडे वळवली. उपचारांवरील खर्चाची माहिती १९८६-८७, १९९५-९६, २००४, २०१४ आणि २०१७-१८ च्या फेऱ्यांत गोळा झाली. या पाहणीत रुग्णालयात दाखल झाल्याची आठवण वर्षभरापर्यंतची विचारतात, इतर उपचारांची मात्र फक्त पंधरा दिवसांची. डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, खाटेचे भाडे, रुग्णाचा प्रवास, सोबतच्या माणसाचे राहणे-जेवण असे वेगवेगळे रकाने भरले जातात, आणि पैसे बचतीतून आले, कर्ज काढून आले की काही विकून, हेही विचारले जाते. माझ्या मते अभ्यासाचे निम्मे यश येथेच ठरते, कारण मुदत बदलली की आकडा बदलतो आणि विसरलेला खर्च नंतर कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही.

जमा झालेली आकडेवारी आणखी एक अडचण घेऊन येते. वर्षभरात रुग्णालयात दाखल होणारे शंभरात जेमतेम तिघे. उरलेल्यांच्या रकान्यात शून्य, आणि त्या तिघांतल्या एखाद्याचे बिल लाखांत. अशा ठिकाणी साधी सरासरी आणि साधे रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याची रीत) दोन्ही फसतात. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात झालेल्या, रँड या संशोधन संस्थेच्या आरोग्य विमा प्रयोगाने यावर वाट काढली. कुटुंबांना वेगवेगळ्या विमा योजनांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागण्यात आले, आणि विश्लेषणात आधी ‘खर्च झाला का’ आणि मग ‘झाला असेल तर किती’ असे दोन प्रश्न वेगळे केले गेले. हेच पुढे द्विभाग प्रारूप म्हणून रूढ झाले. फार मोठ्या बिलांचा प्रभाव कमी करण्यासाठी खर्चाचा लॉग (लॉगरिथम) घेऊन काढलेला अंदाज पुन्हा रुपयांत किंवा डॉलरमध्ये आणताना होणारी चूक दुरुस्त करण्याची रीत संख्याशास्त्रज्ञ नाईहुआ दुआन यांनी १९८३ मध्ये मांडली.

प्रत्येक ठिकाणी असा प्रयोग शक्य नसतो. विमा स्वेच्छेने घेतला जातो तेव्हा आजारी किंवा अधिक जागरूक माणसे आधी पुढे येतात, आणि विमाधारक व इतर यांची थेट तुलना दिशाभूल करते. १९८३ मध्येच रोझेनबॉम आणि रुबिन या संख्याशास्त्रज्ञांनी सारख्या गुणधर्मांच्या व्यक्तींच्या जोड्या लावण्याची पद्धत दिली. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी कर्नाटकात २००३ मध्ये सुरू झालेल्या यशस्विनी या आरोग्य विमा योजनेचे मूल्यमापन याच पद्धतीने झाले. तिची मर्यादा मात्र उघड आहे: जे नोंदवलेच नाही, त्याची जोडी लागत नाही.

म्हणून संशोधक हद्दीकडे वळले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना गंभीर आजारांवर मोफत उपचार देणारी कर्नाटकाची वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० पासून आधी उत्तर कर्नाटकात आली. तेव्हा योजना जिथे संपत होती त्या रेषेच्या अलीकडील, योजनेतल्या ३०० आणि पलीकडील, योजनेबाहेरच्या २७२ गावांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. योजनेत मोडणाऱ्या आजारांमुळे होणारे मृत्यू दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत योजनेबाहेरच्या गावांतील ०.९० टक्क्यांच्या तुलनेत योजनेतल्या गावांत ०.३२ टक्के आढळले, आणि रुग्णालयावरील पदरचा खर्च सुमारे ३४ टक्क्यांनी कमी दिसला. योजनेस पात्र नसलेल्या, दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांत मृत्यूंच्या प्रमाणात तसा फरक नव्हता, आणि निष्कर्षाला खरे बळ देणारी गोष्ट हीच होती.

ही पद्धत दोन गृहीतकांवर उभी आहे: रेषेवर योजनेखेरीज दुसरे काही बदलत नाही, आणि माणसे रेषा ओलांडून लाभ घेत नाहीत. त्या अभ्यासातली रेषा एकाच राज्याच्या आतली होती, म्हणून ती चालली. बेळगावच्या हद्दीवर मात्र रेशन, प्रशासनाची भाषा, शाळा, योजनांचे दर सारेच एकदम बदलते आणि रुग्ण दोन्हीकडे ये-जा करतात. त्यातच महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. त्या वादात कोणाचे काय खरे, हा वेगळा विषय आहे. संशोधकापुढचा पेच असा की एकाच घराला दोन राज्यांच्या योजना उपलब्ध झाल्यास ते घर तुलनेच्या कोणत्या बाजूला धरायचे. येथील पाहणीत उपचार कोणत्या गावी घेतले आणि कोणत्या राज्याचे कार्ड चालले, हे दोन रकाने स्वतंत्र हवेत. ते नसतील तर अथणीच्या शेतकऱ्याने मिरजेत भरलेले बिल कर्नाटकाच्या सरासरीत मिसळते, आणि हाताशी असलेली योजना त्याच्या कामी का आली नाही हे आकड्यांतून कळत नाही.