३२ बिट फ्लोट घेतला की आवाज फाटतच नाही?

"३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर घ्या, गेन (रेकॉर्डिंगची लेव्हल) बघायची गरजच नाही" हा सल्ला व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर कायम फिरत असतो. अर्धा खरा आहे, म्हणूनच पटतो.

३२ बिट फ्लोट हा फाईलचा फॉरमॅट आहे, त्याची रेंज (सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा आवाज यातलं अंतर) दीड हजार डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर जाते त्यामुळे फाईल स्वतः क्लिप होत नाही, म्हणजे आवाजाची टोकं कापली जात नाहीत, इथपर्यंत बरोबर. पण आवाज फाईलपर्यंत पोचायच्या आधी माईक, प्रीअँप (माईकचा सिग्नल वाढवणारा भाग), कन्व्हर्टर (तो सिग्नल डिजिटल करणारा भाग) यातून येतो ना, आणि त्या प्रत्येकाची लिमिट वेगळी. ढोलताशा पथकाच्या मधोमध साधा कॉलर माईक लावलात तर तो तिथेच फाटू शकतो, वायरलेसच्या ट्रान्समीटरमध्ये क्लिप झालेला सिग्नल रेकॉर्डर फक्त इमानदारीत लिहून ठेवतो. हळू आवाज नंतर वाढवला की पंख्याची घरघरपण सोबत वाढते, ते वेगळंच.

चेक करणं सोपंय. माईकजवळ जोरात ओरडून रेकॉर्ड करा, एडिटरमध्ये लेव्हल २० डीबी खाली आणा, वेव्हफॉर्म झूम करून बघा. टोकं गोल परत आली तर ठीक, सपाट कापलेलीच राहिली तर सिग्नल आधीच गेलेला.

घेताना स्पेकमध्ये दोन कन्व्हर्टर (एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी) आहेत का आणि इनपुट जास्तीत जास्त किती झेपतो ते बघा. नुसत्या मुलाखती करणार असाल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, पीक (सगळ्यात मोठा आवाज) उणे १२ डीबीच्या आसपास, एवढं भरपूर झालं, फाईलपण लहान. वाचलेले पैसे माईकवर घाला.