चिखलातलं रोमन टपाल

मोजे, दोन जोड सपाता आणि आत घालायच्या दोन चड्ड्या. रोमन साम्राज्याच्या पार उत्तरेच्या टोकाला राहणाऱ्या कुणाला तरी एवढा ऐवज पाठवल्याचं पत्र १९७३ साली इंग्लंडच्या चिखलातून वर आलं. जागा होती नॉर्थम्बरलँडमधला विंडोलांडा हा रोमन किल्ला. पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली तिथे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर खणत होते. हाताला लाकडाचे पातळ तुकडे लागले, सुताराच्या रंध्याखालून निघालेल्या सालपटांसारखे. चिकटलेले दोन तुकडे हलकेच सोडवले तर आत शाईची अक्षरं! पण जाणकाराकडे नेईपर्यंत लाकूड काळंठिक्कर पडलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

रोमनांनी ब्रिटन कसं जिंकलं, याची हकिगत एरवी रोमन इतिहासकारांच्याच तोंडून ऐकावी लागते. सीझर इसवी सनापूर्वी ५५ आणि ५४ मध्ये येऊन परत गेला. खरी स्वारी सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ. स. ४३ मध्ये झाली. इ. स. ६०च्या सुमारास तिथल्याच एका टोळीची राणी बूडिका हिने उठाव करून लंडन जाळलं. त्या आगीत भाजलेल्या मातीचा लालसर थर लंडनमध्ये खोल पाया खणताना आजही लागतो. विंडोलांडाचा पहिला किल्ला इ. स. ८५च्या आसपासचा, म्हणजे सम्राट हेड्रियनने साम्राज्याच्या या उत्तर सीमेवर इ. स. १२२ मध्ये सुरू केलेल्या भिंतीच्याही आधीचा.

मग एवढं नाजूक लाकूड एकोणीसशे वर्षं टिकलं कसं? किल्ला लाकडी होता. नवी तुकडी आली की जुन्या इमारती पाडायच्या, त्यावर चिकणमाती आणि गवतासकट कापलेले मातीचे ठोकळे अंथरायचे आणि वर नवा किल्ला उभारायचा. खाली दबून राहायचा पेंढा, नेचे, हाडं आणि चामड्याच्या तुकड्यांचा कचरा. तो कुजवताना जिवाणूंनी तिथला ऑक्सिजन संपवून टाकला. वर चिकणमातीचं झाकण आणि पाण्याने गच्च भिजलेली जमीन, त्यामुळे नवा ऑक्सिजन आत पोचेना. लाकूड खाणाऱ्या बुरशीला तो लागतोच. तिची उपासमार झाली आणि पत्रं वाचली.

शाईची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. काजळी, डिंक आणि पाणी! आपल्याकडची मोडी दफ्तरंही बोरूने अशाच काजळी शाईत लिहिलेली आहेत. काजळी म्हणजे कार्बन. त्याला हवेने काही होत नाही. अक्षरं पुसली गेलीच नव्हती, काळ्या लाकडावर काळी रेघ डोळ्यांना दिसत नव्हती, इतकंच. अवरक्त किरणांत मात्र दोघांचं वागणं वेगळं. लाकूड ते किरण बरेचसे परतवतं, कार्बन शोषून घेतो. न्यूकॅसल विद्यापीठात अवरक्त छायाचित्रं काढली तेव्हा राखाडी पाटीवर काळ्या ओळी उमटल्या.

आजवर अशा १,७०० हून अधिक पाट्या मिळाल्या आहेत. बर्च आणि आल्डरच्या लाकडाच्या, जाडी एक ते तीन मिलिमीटर. (बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचाच भाऊबंद, फक्त इथे साल नव्हे तर लाकूडच तासलेलं.) त्यांत एक हजेरीपत्रक आहे. तुकडीत ७५२ माणसं, त्यातली ४५६ बाहेरगावी. उरलेल्या २९६ मध्ये ३१ जण आजारी, जखमी वगैरे, आणि त्या ३१ पैकी दहांचे नुसते डोळे आलेले! आणखी एका पत्रात मॅस्क्लस नावाचा अधिकारी वरिष्ठांना कळवतो की पोरांची बिअर संपली आहे, पाठवायची व्यवस्था करा. क्लॉडिया सेवेरा ही बाई मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं धाडते. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः खरडलेल्या. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन अक्षर क्वचितच सापडतं.

या ‘रोमनां’पैकी रोमचे किती, हे बघण्यासारखं आहे. इथल्या तुकड्या बटाव्हियन आणि टुंग्रियन, म्हणजे आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमकडचे लोक. बटाव्हियनांनी तर इ. स. ६९-७० मध्ये स्वतःच रोमविरुद्ध बंड केलं होतं. जिंकलेल्यांकडून पुढच्यांना ताब्यात ठेवायची ही रीत.

आणि ब्रिटन लोक? या ढीगभर टपालात त्यांचा उल्लेख फारच थोडा. एका तुकड्यावर टिपण आहे: यांच्या अंगावर चिलखत नसतं, घोडेस्वार पुष्कळ, पण ते तलवार वापरत नाहीत, आणि भाला फेकायला हे ‘ब्रिटुंकुली’ घोड्यावर चढत नाहीत. आपण पोराचं ‘पोरटं’ करतो, तसं लॅटिनमध्ये ब्रिटनांचं केलेलं हे रूप. टिपण शत्रूच्या टेहळणीचं की भरतीला आलेल्या तरुणांबद्दलचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला विचाराल तर दोन्ही अर्थांत तुच्छता तीच.

त्याहून बोचतो तो एका व्यापाऱ्याचा अर्ज. त्याला छड्यांनी रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं होतं. त्याची तक्रार काय, तर मी ‘समुद्रापलीकडून आलेला, निरपराध माणूस’ आहे, मला कसं मारलंत? अलीकडच्या, म्हणजे इथल्याच माणसाला मारलं असतं तर चाललं असतं, असा त्याचा सरळ हिशेब दिसतो.

आता या चिखलालाच घोर लागला आहे. हवामान बदलतंय तशी तिथली दलदल कोरडी पडते, जमिनीला भेगा जातात आणि इतकी शतकं अडवलेला ऑक्सिजन आत शिरतो. विंडोलांडापासून काही किलोमीटरवरच्या मॅग्ना किल्ल्यात म्हणूनच २०२३ पासून उत्खनन चालू आहे. २०२५ मध्ये तिथल्या खंदकातून बुटाचा चामड्याचा एक तळवा निघाला, तब्बल ३२ सेंटिमीटर लांबीचा.