अळू आणि हत्तीकान: उपटण्याआधी देठ बघा

परड्यातलं मोठं झाड हलवायचं म्हटलं की आपण थेट कुदळ काढतो. पण न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या त्या हिरव्या गर्दीत अळू कोणतं आणि हत्तीकान कोणता, हे आधी ठरवायला हवं. दिसायला दोघे सख्खे भाऊ वाटतात, हलवायची रीत मात्र अगदी वेगळी.

वाढलेल्या झाडाचं पान उचलून बघा. अळूचा देठ पानाच्या कडेपासून थोडा आत, पाठीला चिकटलेला असतो. पान खाली झुकतं आणि पावसाचा थेंब त्यावरून मोत्यासारखा घरंगळतो. हत्तीकानाचा देठ पानाच्या खाचेतच मिळतो, पान चकचकीत असतं आणि टोक बहुधा आभाळाकडे. शिवाय जुन्या झाडाला मातीच्या वर मनगटाहून जाड खोड असतं. वडीसाठी पानं तोडताना तर ही पारख हवीच. खाज दोघांनाही असते, पण हत्तीकानाची पानं वडीत घालू नयेत.

अळूचा जीव मातीखालच्या गड्ड्यात. पानं छाटा, हातभर लांबून खणा, गड्डा उचला आणि ओलाव्यात लावा. भर जुलैतही चालतं. जुन्या जागी राहिलेल्या पिल्लांतून ते पुन्हा उगवेल, तेव्हा जागा मोकळी हवी असेल तर माती नीट चाळा.

हत्तीकानाला मी जास्त जपते. त्याचा जीव खोडात असतो आणि साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात दिवसेंदिवस चिकट राहते, त्यात मुळांच्या ताज्या जखमा कुजतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या परड्यात पाणी आलं. ओसरल्यावर अळू पंधरवड्यात फुटलं, हत्तीकान मात्र बुडातून मऊ होऊन आडवा झाला. इतक्या वर्षांचं झाड तसं पडलेलं बघवेना.

म्हणून तो वळवाचे दोन पाऊस झाले की, मृगाच्या आत हलवावा. आदल्या दिवशी पाणी द्या. शेंड्याची दोन कोवळी पानं ठेवून बाकीची देठासकट कापा. मुळं तुटल्यावर एवढ्या पानांना पाणी पुरत नाही. खोडापासून दीड फुटावर गोल चर खणा, मुळांचा गोळा गोणपाटावर घेऊन दोघांनी उचला. नवी जागा उंचवट्याची, मातीत वाळू आणि शेणखत. खोड पूर्वीपेक्षा खोल गाडू नका, बांबूचा आधार द्या. हातमोजे घाला, चीक अंगाला फार खाजतो.

मुळं जवळजवळ सगळी तुटली तरी खोड फेकू नका. कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकवून ओलसर वाळूत लावलं, की त्याला नवी मुळं धरतात.